भिंतीपलीकडे मारणारा कय्यूम

खामगाव,
१७ जानेवारी १९६४

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. जलंबला गाडी बदलून सुखरूप पोचलो. इथली हवा छान आहे, चहा मात्र फार गोड. वहिनीने दिलेले तिळाचे लाडू जलंब यायच्या आतच संपले, हे तिला सांगू नकोस.

आता कामाचं. आपल्या क्लबाला लांब मारणारा फलंदाज हवा आहे. तो मिळाला तर अकरांतला एक जण बाहेर बसेल, एवढं तू निघताना म्हणालास. कोण, ते तू बोलला नाहीस आणि मीही विचारलं नाही.

तर ज्याला बघायला तू मला पाठवलंस, तो हा कय्यूम. इथल्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचे बोजे उचलतो. विशी ओलांडलेला, काटक, बोलायला लाजरा. मैदान जिनाच्या भिंतीला लागूनच आहे. हंगाम असल्यामुळे पलीकडे कापसाचे मोठमोठे ढीग आणि अलीकडे हवेत सतत तरंगणारे तंतू. उन्हात ते बघत बसलं की आपण जागे आहोत की झोपेत, तेच कळेनासं होतं.

काल पहिल्याच चेंडूला त्याने बॅट फिरवली. चेंडू भिंतीवरून गेला, आणि पडल्याचा आवाजच आला नाही. सगळे माना वर करून बघत राहिले. मग पंच किसनरावांनी बोट वर केलं!

मी भांडायलाच धावलो. ते म्हणाले, "भिंतीपल्याड गेला का आऊट, साहेब. चेंडू शोधाले गेलं का कापूस तुडवल्या जाते, मालक वरडते. हा तं रोजच असा आऊट होते."

म्हणजे त्याच्या नावावर धावा जवळजवळ नाहीतच. खरं सांगू? मला बरं वाटलं. 'धावा नाहीत, आणण्यात अर्थ नाही,' एवढंच तुला कळवलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं.

आज सकाळी मीच गोलंदाजीला उभा राहिलो. आत का मारत नाहीस, असं त्याला विचारलं.

"आत मारला तं मले मारल्यावानी वाटतच नाही, भाऊ."

माझा सगळ्यात चांगला चेंडूही त्याने तसाच पलीकडे पाठवला. दादा, इतकी वर्षं खेळलो, पण माझा एकही फटका असा गेला नाही. मी कान देऊन उभा होतो आणि डोळे भरून आले. हेव्याने की आनंदाने, ते अजून ठरत नाही.

नागपूरला येतोस का, म्हटलं. तर विचारतो, "तेथच्या मैदानाले भिंत हाय काय?"

नाही म्हटलं.

"मंग मी आऊट कसा होईन?"

किती दिवसांनी असा हसलो असेन! त्याची आई हुस्नबानो तयार आहे. पोरगा उपाशी राहू नये, एवढीच तिची अट. तो आपल्याकडेच जेवेल, असं मी वहिनीला न विचारता सांगून टाकलंय.

माझा गुडघा तुला ठाऊक आहे. तू भाऊ आहेस, तुझ्या तोंडून ते निघायचं नाही, म्हणून मीच लिहितो. पुढच्या शनिवारच्या सामन्यात पाचव्या नंबरावर कय्यूमला घे. माझं नाव गाळताना थांबू नकोस. आईला मात्र एवढ्यात कळवू नकोस, ती उगाच तुझ्याशी अबोला धरेल.

बुधवारच्या गाडीने त्याला घेऊन येतो.

तुझा धाकटा, आणि आता बारावा,
माणिक