तीन वर्षांच्या ओबाडायाचा वंश

मी, थर्झा टारब्रुक, वय ८१, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, राहणार वेस्ट हॅरो, कनेक्टिकट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. धाकटा भाऊ लायमन याला शंका असल्याने डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर शेजारीण हॅना डॉयल हिला द्यावे. माझी विचारपूस तिनेच केली.

२. आमचा मूळ पुरुष ओबाडाया टारब्रुक १६३८ साली इंग्लंडहून जहाजाने इथे आला, तो कातडी कमावणाऱ्याचा नोकर म्हणून. चाळीस वर्षे शोधूनही मला त्याचे आईबाप सापडले नाहीत. लायमनला ते एका दुपारात सापडले! इंग्लंडातल्या एका जमीनदाराच्या मुलाच्या बाप्तिस्म्याची नोंद, नाव तेच. लगेच याने कुलवृत्तांत छापला, जमीनदाराच्या घराण्याचे मानचिन्ह आमच्या ओबाडायाच्या थडग्यावर कोरून घेतले. मी चर्चच्या त्याच नोंदवहीची पुढची पाने पाहिली. ते मूल तीन वर्षांचे असतानाच पुरले गेले होते. तेवढी पाने उलटायचेही कष्ट या शहाण्याने घेतले नव्हते.

३. त्याच कुलवृत्तांतात आमचा सख्खा भाऊ असाहेल नाही. तोही तीन वर्षांचा असताना घटसर्पाने गेला. ऑगस्टमधल्या कुलमेळाव्यात मी सर्वांदेखत जाब विचारला.

लायमन म्हणाला, "ताई, मेलेल्या पोरांनी वंश चालत नाही."

"मग त्या जमीनदाराच्या पोराचा कसा चालला रे?"

त्याने वाढायला घ्यायला सांगितले आणि सगळे ताटे घेऊन उठले. माझा संताप अजून शमलेला नाही, आणि मला तो शमवायचाही नाही.

४. माझी टिपणे गावच्या वाचनालयाला द्यावीत. ओबाडायाच्या बापाची जागा त्यांत कोरी आहे. पुराव्याशिवाय ती कोणीही भरू नये.

५. मला असाहेलशेजारी पुरावे. माझ्या थडग्याच्या दगडावर ते मानचिन्ह कोरल्यास ते छिन्नीने काढून टाकावे.

६. आईचे बायबल लायमनला द्यावे. त्याच्या पहिल्या पानावर आम्हा तिघांचे जन्म आईने लिहिले आहेत. पुढच्या मेळाव्यात लायमनने उभे राहून ते पान मोठ्याने वाचावे, शेवटच्या ओळीसकट. असाहेलच्या मृत्यूची ती ओळ आईच्याने लिहवली नाही. सात वर्षांच्या लायमनने ती रडत रडत लिहिली. दौत मी धरली होती.

वरील मजकूर दोघा साक्षीदारांना वाचून दाखवला व त्यांच्यासमोर सही केली.

थर्झा टारब्रुक

साक्षीदार: एल्विन प्रूट, ग्रंथपाल, मर्सी हॅलम, शेजारीण

वेस्ट हॅरो, १२ ऑक्टोबर १९७४