कठड्याला टेकू नये

३ नोव्हेंबर, सकाळी
आजपासून रोजनिशी. आदर्श घरमालक कसा असतो याची कुठेतरी नोंद राहावी, एवढाच हेतू. कोणी वाचावी म्हणून नाही. हिला विचारलं, चोरून वाचशील का? म्हणाली, दिवसभर ऐकते तेवढं पुरे आहे.

वरच्या मजल्यावर भाड्याने ताई आणि तिचे वडील, त्यांना आम्ही आजोबा म्हणतो. ताई औषधाच्या दुकानात, आजोबा कोर्टातून कारकून म्हणून रिटायर. भाडेकरू म्हणून सोन्यासारखी माणसं. ताई म्हणाली, काका, बाहेरच्या जिन्याचा कठडा हलतो, वेल्डिंग सुटलंय, बाबा रोज त्यालाच धरून उतरतात. मी म्हटलं, बिनधास्त राहा. उभी हयात कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो. उद्याच बघतो.

४ नोव्हेंबर
बघितला. हलतो.

५ नोव्हेंबर
वेल्डर म्हणजे आज येतो, उद्या येतो. त्याच्या नादी कोण लागणार? कारखान्यात कुठे काही हललं की आम्ही आधी पाटी लावायचो. पाटी लागली की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं वाचणाऱ्याने करायचं असतं.

दुपारभर बसून फळी रंगवली. लाल अक्षरं, पांढरी जमीन. 'कठड्याला टेकू नये.' फारच झकास. तारेने कठड्यालाच बांधली. हिने विचारलं, कठडा झाला का? म्हटलं, सुरक्षित झाला. ही आत गेली.

८ नोव्हेंबर
ताई म्हणाली, पाटी छान आहे, पण कठडा तसाच आहे. शिवाय मधली पायरी खालून गंजलीय आणि बाथरूमचं बटण झटका देतं. लोकांना समाधान म्हणून नाही. तरी लगेच कामाला लागलो. पायरीसाठी: 'येथे पाय ठेवू नये.' बटणासाठी: 'ओल्या हाताने बटण दाबू नये.' मग स्वतः दाबून पाहिलं आणि खाली एक ओळ वाढवली: 'कोरड्या हातानेही शक्यतो टाळावे.'

संध्याकाळी नेहमीप्रमाणे आजोबा बुद्धिबळाला खाली आले. हरलो. प्रकाश माझ्या डोळ्यांवर येत होता.

११ नोव्हेंबर
ताईने शांतपणे सांगितलं, महिनाअखेरपर्यंत कठडा झाला नाही तर दुसरी जागा बघते. शांतपणे! ओरडली असती तर मला उलट ओरडता तरी आलं असतं.

आजोबा गेले तर संध्याकाळी मी काय करायचं? हिच्याशी बोलायचं?

उद्या वेल्डर. नक्की. काळ्या दगडावरची रेघ.

१२ नोव्हेंबर
वेल्डरला फोन केला. त्याने उचलला, तेवढ्यात आठवलं की तो माप विचारणार. ठेवून दिला. टेप शोधायला गेलो. टेप रंगाच्या डब्याखाली सापडली. रंग बघितला तर कडेने सुकायला लागलेला. वाया घालवणं आपल्या स्वभावात नाही.

जुन्या पलंगाची अख्खी पाठ घेतली. 'जिना धोकादायक. वापर टाळावा.' उचलताना कंबर धरली, पण पाटी कठड्याला टांगलीच. वजनामुळे कठडा आता कमी हलतो, हा फायदा हिच्या लक्षात आलेला नाही.

संध्याकाळी सोंगट्या मांडून बसलो. आजोबा आले नाहीत.

१३ नोव्हेंबर
आजही नाहीत. हिला वर पाठवलं. आजोबांचा निरोप: जिना टाळावा असा लेखी आदेश आहे. नोकरीत कधी आदेश मोडला नाही, आता उतारवयात मोडणार नाही.

पहिल्यांदा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत माझी पाटी मनापासून पाळणारा एक तरी माणूस भेटला! मग सहा वाजले आणि घर खायला उठलं. हिला म्हटलं, बस एक डाव. तिने सातव्या खेळीत माझा वजीर मारला आणि कपडे वाळत घालायला गेली.

खरं सांगायचं तर म्हातारा नाही तर करमत नाही.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळी
ताई दुकानाजवळची जागा बघून आली. तळमजला आहे म्हणे. ही माझ्याशी फक्त कठडा या विषयावर बोलते.

तोडगा सापडला. आजोबांना खाली येता येत नसेल, तर मी वर जातो! पाटी इतरांसाठी आहे. लिहिणाऱ्याला लागू नसते. पट आणि सोंगट्या काखेत घेतल्यात. निघालो.

१६ नोव्हेंबर, पलंगावरून
वस्तुस्थिती अशी. मधल्या पायरीवर 'येथे पाय ठेवू नये' वाचलं आणि ठेवला नाही. यावरून पाट्या काम करतात हे सिद्ध होतं. मोठी ढांग टाकली, तोल गेला, हाताला कठडा लागला, त्याला धरलं. कठडा पाट्यांसकट माझ्याबरोबर खाली आला. पलंगाची पाठ सगळ्यात शेवटी आली.

घोट्याला प्लास्टर. सोंगट्यांतला एक उंट सापडत नाही. हिचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

१८ नोव्हेंबर
हिने एक फोन केला आणि वेल्डर आला. जेवणाच्या आत कठडा आणि पायरी दोन्ही झाली. वायरमन येऊन बटण बदलून गेला. इतकं सोपं असेल तर त्याला काम कशाला म्हणायचं?

ताई राहणार आहे. हे तिने मला नाही, हिला सांगितलं. यापुढे तक्रारी थेट काकूंकडे, असंही दोघींचं ठरलंय. वेल्डरने विचारलं, मालक कोण? ताई आणि ही एकदम म्हणाल्या, काकू. मी झोपेचं सोंग घेतलं होतं.

१९ नोव्हेंबर, संध्याकाळी
आजोबा आले! आधी वरूनच हिला विचारलं, आदेश मागे घेतला का? हिने घेतला म्हटल्यावर नवा कठडा धरून ऐटीत उतरले. त्यांना पाहून इतका आनंद झाला की पहिला डाव लगेच हरलो. दुसराही हरलो. उंटाच्या जागी हिने बटण दिलं होतं. बाथरूमचं, जुनं.

डॉक्टरांनी पाय उंचावर ठेवायला सांगितलाय. हिने भंगारातून एक फळी आणून स्टुलावर टाकली आणि त्यावर माझा पाय ठेवला. आजोबांनी चष्मा लावून फळी वाचली. माझ्या पायाकडे बघितलं. पुन्हा फळी वाचली. मग गंभीरपणे हिला विचारलं, यांनी परवानगी घेतली आहे का?

'येथे पाय ठेवू नये.'

अक्षर मात्र सुरेख आलंय.