खाकीच्या आतलं डाळिंबी

प्रिय कुलदीप,

नाव लिहिलं म्हणून रागावू नका. अकरा वर्षांत तुम्हाला कधी नावाने हाक मारली नाही, पण नुसतं 'अहो' लिहिलं तर हे पाकीट कुणाचं ते कसं कळणार? फोन तुम्ही उचलत नाही. मेसेज वाचता एवढं दिसतं, उत्तर येत नाही. म्हणून शेवटी कागद घेतला. पाकीट डिंकाने नीट चिकटवून मेहकरच्या पुढे जाणाऱ्या गाडीवरच्या तानाबाईंजवळ देणार आहे. त्याही माझ्यासारख्याच कंडक्टर, आणि पोटात गोष्ट ठेवणाऱ्या. डोणगावच्या स्टँडवर त्या तुम्हाला बोलावून घेतील आणि तुमच्याच हातात देतील, तुमच्या आईच्या हातात नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही बॅग उचलून गेलात, त्याला आज एकोणीस दिवस झाले. घरमालकीण अन्नपूर्णाबाई रोज जिन्यात उभ्या राहून विचारतात, आणि मी रोज सांगते की गावी सोयाबीनचं काम निघालं म्हणून गेलेत. खोटं बोलायचं तर निदान शेताचं बोलावं, त्यावर बुलढाण्यात कुणी शंका घेत नाही. खोलीत तसं सगळं ठीक आहे. नळ दोन दिवसाआड येतो. एकटीपुरतं पीठ मळायचा कंटाळा येतो, पहिली भाकर तव्यावरून उतरेपर्यंत भूक मरून जाते. तुम्ही वापीला कंपनीत असता तेव्हाही मी एकटीच असते, हे खरं. पण तेव्हा तुम्ही येणार असता.

तुम्ही मला एक प्रश्न विचारलात आणि मी त्याचं उत्तर दिलं नाही. त्या उत्तरावर आपला संसार राहायचा की मोडायचा ते अवलंबून आहे, एवढं मला कळतं. म्हणून पहिल्यापासून सांगते, लाज बाजूला ठेवून सांगते. आजवर लाजून माझं भलं काही झालेलं नाही.

मागच्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. तुमची दहा दिवसांची सुट्टी मंजूर झाली होती. मला वाटलं, काहीतरी घ्यावं. साडी नाही, साड्या पेटीत पडून आहेत, बाईचं अर्धं आयुष्य खाकीत चाललंय. आतलं काहीतरी, चांगलं, जरा धीट. आता बुलढाण्यात असली खरेदी मी कुठे करणार? बाजारातला प्रत्येक दुकानदार माझ्या गाडीत कधी ना कधी चढलेला. मी घाट उतरून नांदुऱ्याला बहिणीकडे, सुवर्णाकडे गेले. तिला सांगितलं, खण बघायला जाते. स्टेशनकडच्या गल्लीत पुष्पांजलीताई म्हणून एक बाई आहेत, त्या आत पडदा लावून फक्त बायकांचंच दुकान चालवतात.

आम्ही बायका हे कसं घेतो ते तुम्हाला माहीत नसणार. धाडच्या बाजारात ढिगातून उचलायचं, ब्लाऊजवरूनच अंदाजाने धरून बघायचं, माणसं बघायच्या आत वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीच्या तळाशी, मेथीच्या जुडीखाली. आईने एकदा जो नंबर सांगितला तोच मी पंधरा वर्षं घालत आले. पुष्पांजलीताईंनी फीत काढली, मला हात वर करायला लावले आणि मोजून झाल्यावर म्हणाल्या, "ताई, तुमी आजपावतर चुकीचाच नंबर घालून राह्यल्या. दम तरी कसा घेत होत्या वं?" मला हसू यायला हवं होतं. पण त्यांचे हात पाठीवरून फिरत होते, फीत सरळ करत होते, आणि माझे डोळे भरून आले. त्यांना वाटलं फितीची पत्री टोचली. मी हो म्हटलं. खरं असं होतं की दिवाळीनंतर कुणाचा हात माझ्या अंगाला लागला नव्हता. गाडीत दिवसभर शंभर माणसं घासून जातात, त्याला हात लागणं म्हणत नाहीत.

त्यांनी साधे पांढरे काढले, मी बघतच राहिले कपाटातल्या एका जोडीकडे. डाळिंबी रंग, सगळी बारीक लेस, पाठीला नुसता एक पट्टा. मी म्हटलं हे आपल्या वयाचं नाही. त्या म्हणाल्या, लेसला वय विचारायची रीत त्यांच्या दुकानात नाही, पण घालून बघा, बोचलं तर घेऊ नका. त्यांचा नियमच तसा होता. दिसायला कितीही सुंदर असो, हात वर करून, वाकून, खाली बसून बघायचं, कुठे काचलं की परत ठेवायचं. मी पडद्यामागे वाकले, बसले, उठले. आरशातली बाई मला ओळखीची वाटली नाही, पण तिच्यावर रागही आला नाही. घेतलं.

तुम्ही आलात. दुसऱ्या दिवशी मी दुपारी ड्युटीवरून परतले. सकाळपासून खाकीच्या आत मी ते घातलेलं होतं. तुम्ही पलंगावर मोबाइल बघत पडला होतात. मी कपडे बदलायला उभी राहिले आणि मुद्दाम वेळ लावला, गाऊन शोधायचं नाटक केलं. तुम्ही एकदा वर बघितलंत. म्हणालात, "पंखा जरा वाढवजो वं." मी पंखा वाढवला.

तुमचं काही चुकलं असं तेव्हा म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. बारा-बारा तास मशीनजवळ उभं राहून आलेला माणूस थकतो. मी ते धुऊन पेटीत टाकलं आणि ठरवलं की झाली हौस. पण तुम्ही परत गेलात त्याच आठवड्यात पाणी आलं नाही, बाकीचे कपडे धुवायचे राहिले, आणि पहाटेच्या गाडीची ड्युटी. नाइलाजाने तेच घातलं, वर खाकी. बुलढाणा ते धाड, धाड ते बुलढाणा, चार फेऱ्या. संध्याकाळी डेपोत हिशेबाच्या रांगेत उभी असताना लक्षात आलं की आज मी एकदाही खांद्यावरचा पट्टा सरकवला नाही. तिकिटाच्या मशीनची दोरी गळ्यात, गर्दीतून आडवं-तिडवं वाकणं, आणि अंगाला कुठे वळ नाही, घामाची आग नाही. त्याच दिवशी बायकांच्या सीटवर एक पागोटेवाले काका पाय पसरून बसले होते आणि पोटुशी पोरगी उभी. एरवी मी दोनदा पुटपुटले असते. त्या दिवशी साध्या आवाजात म्हटलं, उठा काका. उठले बिचारे. आता हा लेसचा प्रताप की पोटभर घेतलेल्या श्वासाचा, देव जाणे. मी श्वासाचा म्हणते.

मग मी आणखी दोन घेतले, एक काळा, एक मोरपंखी. आलटून पालटून घालत राहिले. कुणाला दिसत नव्हतं, मला माहीत होतं. रिकाम्या खोलीत परतायचं असलं तरी सकाळी निघताना मी स्वतःला काहीतरी चांगलं दिलेलं असायचं. चहा जसा आपला आपण नीट आलं घालून करावा, तसं. दिवाळीत डोणगावला येताना नेले नाहीत, तिथे एकाच दोरीवर घरभराचे कपडे. या मे महिन्यात तुम्ही ओव्हरटाइम घेतलात आणि आलाच नाहीत.

आणि पोळ्याला न कळवता आलात. तुमच्याजवळची किल्ली लावून आत शिरलात तेव्हा मी धाडच्या वाटेवर होते. मोरीतल्या दोरीवर तिन्ही वाळत होते. मी आले तेव्हा डाळिंबी तुमच्या हातात होतं. मी तुमची बोटं बघितली. तुम्ही मागच्या हुकांवरून अंगठा फिरवत होतात, कडेला मी जुळत्या दोऱ्याने घातलेले टाके बघत होतात. तुम्ही मशीनवरचे कारागीर, वापरलेला माल तुम्हाला हातात धरताच कळतो. ते नवं कोरं असतं तर तुम्ही खूश झाला असतात, माझ्यासाठी ठेवलंय म्हणाला असतात. ते जुनं होतं. वर्षभर अंगावर झिजलेलं, आणि तुमच्यासमोर एकदाही नाही, असं तुम्ही समजलात. दुसऱ्या दिवशी सकाळी एवढंच विचारलंत, "हे कोनासाठी?"

आणि मी हसले. माझं चुकलं, कुलदीप. त्या हसण्याचा अर्थ तुम्ही कबुली असा घेतलात, आणि कोणत्याही नवऱ्याने तोच घेतला असता. पण मला हसू आलं ते तुम्हीच विचारता म्हणून. ज्याच्यासाठी घेतलं त्यानेच विचारावं. तुमच्यासमोर मी ते घातलं होतं. तुम्हाला ते आठवत नव्हतं.

काल तुमच्या बाबांचा फोन आला. रविवारी डोणगावला बैठक ठेवली आहे, माझ्या माहेरून वामनकाका आणि आणखी चार माणसांना निरोप गेलाय. मी विचारलं कशाची बैठक, तर म्हणाले, "पोरगा काई बोलत नाई. तिलेच इचारा म्हनते." म्हणजे तुम्ही अजून कुणाला सांगितलेलं नाही. त्याबद्दल मी तुमची आभारी आहे, आणि त्याच आशेवर हे पत्र लिहिलं. बोलावलं तर मी येईन, पळणार नाही. ते विचारतील, दुसरा कोण आहे? दुसरा कुणीच नाही, हे मी भरल्या बैठकीत, वामनकाकांच्या डोळ्याला डोळा देऊन सांगू शकते. पण मग मला विचारायचं आहे, पहिला आहे का? ते मला पाच माणसांत विचारवत नाही. शनिवारी माझी सुट्टी आहे. तेवढ्यासाठी एकटे या.

अजून तरी तुमचीच,
दीपमाला