घोडी देऊन घेतलेला तारकागुच्छ

आत-बाशी, भर हिवाळा

आदरणीय मेदेरबेकदादा,

धाकट्या एसेनचा वाकून सलाम. तुमची कंबर, वहिनींचा खोकला आणि बिश्केकचा धूर कसा आहे? इकडे मेंढ्या आणि मुलं सुखरूप. (आधी जनावरं, मग माणसं, रीत मी मोडलेली नाही.)

तुमच्या सांगण्यावरून दुर्बीण घेतली. त्यासाठी सासऱ्यांनी दिलेली घोडी विकावी, असं तुम्ही म्हणाला नव्हता. पण दुर्बिणी फुकट मिळतात, असंही म्हणाला नव्हता. कळताच सासरे आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: या नळीत घोडीच्या तोडीचं काही दिसलं नाही, तर जिपारला माहेरी नेतो. (जिपारनं लगेच बोचकं बांधलं. मला तो उत्साह जरा जास्त वाटला.)

कृत्तिका दाखवून भागण्यासारखं नव्हतं, त्या कुठल्याही मेंढपाळाला नुसत्या डोळ्यांनी दिसतात. म्हणून तुम्ही वाखाणलेला, शर्मिष्ठेजवळचा तो विरळ तारकागुच्छ निवडला आणि तो विरळ असतो, हे सगळ्यांना आधीच बजावून ठेवलं. अंधार पडताच अख्खी गल्ली अंगणात जमली. आता नवी सून असो, बाळ असो की दुर्बीण, पहिल्यांदा बघायचं म्हणजे कोरूमदुकाची भेट हातावर ठेवायलाच हवी. शेजारच्या शायिरकाकूंनी लोकरी मोजे दिले, एक डोळा लावला, मग दुसरा लावून पाहिला. पण मोजे देऊन बसल्यावर काही दिसलं नाही असं कोण कबूल करणार? त्यांना छान गुच्छ दिसला. त्यांच्या मागच्याला, सुक्या दह्याच्या कुरुताची पिशवी दिल्यामुळे, त्याहून छान दिसला. रांग सरकेल तसा तो विरळ गुच्छ दाट होत गेला.

शेवटी सासरे. सोबत मेंढा. बराच वेळ नळीला डोळा लावून म्हणाले, "कळप पार पांगलाय. राखणारा झोपला वाटतं." मेंढ्याची दोरी माझ्या हातात दिली आणि जिपारला बोचकं सोडायला सांगितलं. तुमच्या भावाची अब्रू राहिली, दादा. मला फार बरं वाटलं.

तुमचा आज्ञाधारक,
एसेन

ता. क. तो गुच्छ मला अजून सापडलेला नाही. नळी साधारण त्या बाजूला होती, एवढंच खरं.

आणखी ता. क. आज सासरे एकटेच आले. दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "जावईबापू, त्या दिवशी मला काहीसुद्धा दिसलं नाही. चारचौघांत बोलवेना. आता आपण दोघंच आहोत, नीट दाखवा." इतकी लाज मला घोडी विकतानाही वाटली नव्हती. आज हवा धड नाही म्हणून चहा पाजून परत पाठवलं. (हवा अगदी स्वच्छ होती.) उद्या पुन्हा येणार आहेत. दादा, मिळेल त्या गाडीनं या आणि आम्हा दोघांनाही तो दाखवा.