वाळला म्हणून दिलेला खिमा

आई,

गेल्या आठवड्यात दीड दिवस मला वाटत होतं की माझ्या हातचं खाऊन माझी मुलगी कुठल्यातरी डोंगरात पडली असेल. हे मी कुणाशीच बोलले नाही. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली, म्हणून तुला सांगायला तेवढी भीती वाटत नाही.

तू गेलीस तेव्हा ती तुझ्या मांडीवर मावायची. आता नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की पाठीवर बोजा घेऊन हिमालयात जाते. यंदा ती आणि तिची मैत्रीण, एक वाटाड्या घेऊन आठ दिवस चालणार होत्या. वाटेत दुकान नाही, फोन लागत नाही. आठ दिवसांचं जेवण पाठीवर न्यायचं, म्हणजे ते हलकं पाहिजे. त्यासाठी तिनं डिहायड्रेटर मागवला. आमच्या कुकटपल्लीच्या घरात ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी तो बसला. एक पेटी, आत जाळीचे ट्रे, मागं पंखा. गरम वारा फिरवत दिवसभर घुमत राहतो. शिजवलेला भात, डाळ, टोमॅटो असं सगळं वाळवून पिशव्यांत भरायचं आणि वर गेल्यावर उकळतं पाणी ओतायचं. भात, डाळ छान झाली. मग ती म्हणाली, खिमा पण करू.

"विकतचं पाकीट घे ना," मी म्हटलं.

"नक्को मम्मी, घरचाच पाहिजे. मावशी सांगत होती, आजी मटण वाळवायची म्हणून."

वाळवायचीस. काचीगुड्याच्या आपल्या दोन खोल्यांवरची गच्ची मला अजून दिसते. खाली गाडी स्टेशनात शिरतेय, गच्चीवर दोरी बांधलीय आणि दोरीवर मोठ्याच्या मटणाच्या लांब पट्ट्या, हळद-मीठ लावलेल्या चान्या. तू एक पट्टी दोन्ही हातांत धरून वाकवतेस. "वाकली तर कच्ची. मोडली पाहिजे," म्हणतेस. "आत ओल राहिली की नासतंय, बाय." मी दहा वर्षांची आहे. चान्या मला फार आवडतात आणि त्यांची मला फार लाज वाटते. त्या दिवशी तू मला कावळे हाकायला बसवून बाजारात गेलीस आणि माझ्या वर्गातली एक मुलगी वही न्यायला येणार होती. ती गच्चीवर आली असती तर आपल्याकडं मोठ्याचं, बैलाचं मटण खातात ते दुसऱ्या दिवशी वर्गभर झालं असतं. मी चान्या ओढून काढल्या, डब्यात कोंबल्या, झाकण घट्ट लावलं आणि डबा खालच्या फळीवर मागं सारला. त्या वाकत होत्या. मला कळत होतं. तू आल्यावर विचारलंस, "वाळल्या का गं?" मी म्हटलं, "हौ, कडक झाल्या."

आठवड्यानं माझ्या धाकट्या बहिणीनं तो डबा शोधला आणि आतली एक पट्टी तशीच चघळली. चार वर्षांची होती. तिला उलट्या थांबेनात, डोळे पांढरे व्हायला लागले. अण्णांनी तिला उचलून दवाखान्यात नेलं. तीन दिवस ती तिथं सलाईन लावून पडली होती. अण्णा सगळ्यांच्या देखत तुला म्हणाले, "असलं कुजकं घरात ठेवलंस? लेकरू गेलं असतं." तू माझ्याकडं एकदाच बघितलंस आणि म्हणालीस, "चुकलं माझं." त्यानंतर गच्चीवर ती दोरी तू परत कधी बांधली नाहीस.

तर खिमा. चरबी काढून, शिजवून, टिपून मी ट्रेमध्ये पसरला. सकाळी अकराला करंट गेला तो चारला आला. अर्धा वाळलेला खिमा पाच तास त्या बंद पेटीत कोमट पडून होता. मी यंत्र परत लावलं. रात्रीपर्यंत वरून सगळं कडक झालं, पण एक गोळी दाबली तर आतून मऊ लागली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिचं विमान होतं. पिशव्या बंद करताना तिनं विचारलं, "मम्मी, पक्का सुकलाय ना?"

"हौ," मी म्हटलं.

का म्हटलं ते विचारू नकोस. तिच्या पाठीवर माझ्या हातचं काहीतरी जावं, एवढंच तेव्हा मनात होतं. आणि माझं चुकलं म्हणायला माझी जीभ तेव्हाही उचलत नव्हती, अजूनही उचलत नाही.

उरलेला खिमा मी काचेच्या बरणीत ठेवला होता. ती जाऊन आठ दिवस झाले तेव्हा बरणी उघडली. झाकणाला आतून थेंब धरले होते आणि आंबट वास आला. तिला फोन लावला, बंद. मैत्रिणीचा बंद. वाटाड्या ज्यांनी दिला होता त्यांच्या ऑफिसात लावला. तिथला माणूस म्हणाला, "घबराइए मत मॅडम, परसों तक नीचे आ जाएंगे." परवापर्यंत. माझ्या डोळ्यांसमोर धाकटीचे ते पांढरे डोळे होते, आणि ते हळूहळू माझ्या मुलीचे होत होते. तिथं बर्फात कोण दवाखान्यात नेणार? नवऱ्यानं विचारलं, एवढी परेशान का आहेस. गुडघा दुखतोय, म्हटलं. नातेवाइकांचा साधा फोन आला तरी तो उचलायला हात पुढं होईना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचाच फोन आला. एका गावाजवळ रेंज मिळाली होती.

"खिमा खाल्लास?" मी आधी हेच विचारलं.

"नाही. पिशवी उघडली तर वास आला. मी फेकायला निघाले, पण हिनं तोवर दोन घास खाल्ले होते. रात्रभर उलट्या झाल्या तिला. आता बरी आहे, चालतेय." मग म्हणाली, "मम्मी, तू तर सुकलाय म्हणाली होतीस."

"करंट गेला होता," मी म्हटलं. "आतून ओला होता. मला माहीत होतं."

ती म्हणाली, "तेव्हाच सांगायचं ना." आणि फोन कटला.

ती परवा घरी आली. माझ्याशी बोलते, पण माझ्या हातचा डबा ऑफिसला नेत नाही. कॅन्टीनमध्ये खाते म्हणते. तुझ्या त्या एका नजरेची मला जशी भीती वाटायची तशी आता तिची वाटते. तुला त्या दिवशी कळलं होतं ना, आई? मी विचारायला हवं होतं. तू पुढं पंचवीस वर्षं होतीस.

काल धाकटीला फोन लावला, सगळं सांगून टाकायचं ठरवून. ती म्हणाली, "काय गं, आवाज असा का?" मी म्हटलं, काही नाही, सहज केला. हे पान तिला दिलं असतं तरी झालं असतं. माझ्या मुलीला मराठी धड वाचता येत नाही, पण धाकटीला येतं. म्हणूनच मी ते कपाटात, साड्यांच्या खाली ठेवतेय.