नवी जोडी पुढे

अण्णा, काल मी माझ्या गाडीचे चारही टायर बदलले. इतक्या वर्षांनी तुम्हाला काही सांगायला बसावे आणि सुरुवात टायरांनी व्हावी, याचे मला नवल वाटत नाही. आपण बापलेक जे काही बोललो, ते बहुतेक टायरांच्याच निमित्ताने बोललो. तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होते. आता मी इंग्लंडमध्ये, लंडनच्या उत्तरेला असलेल्या वॉटफर्डमध्ये राहते आणि इथल्या रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते. दिवसभर औषधांच्या चिठ्ठ्या तपासते, हळू आवाजात ‘थँक यू’ म्हणते आणि संध्याकाळी खोलीवर येऊन दार लावून घेते. सोमवार ते शनिवार माझ्या तोंडून मराठीचा एकही शब्द बाहेर पडत नाही.

साताऱ्याबाहेरचे आपले दुकान मला अजून स्पष्ट दिसते. शाळा सुटली आहे आणि मी नवे रबर चढवलेल्या रिमोल्ड टायरांच्या चळतीला पाठ टेकून विज्ञानाचे पुस्तक वाचते आहे. एक जीपवाला तुम्हाला सांगतो आहे, "अण्णा, दोनच नवे घालायचेत. मागं घाला, समदी माणसं मागंच बसत्यात." मी पुस्तकातून डोके वर काढून म्हणते, "बरोबर आहे त्यांचं. वजन मागे असतं." तुम्ही पाना खाली ठेवता. "तुला कुणी विचारलं? उताराला पुढचं फुटलं तर स्टेरिंग हातात राहतंय का? मागचं फुटलं तर माणूस शिव्या देत का होईना, घरी येतो. नवी जोडी पुढं. लिही वहीत." जीपवाला हसला. मी मान खाली घालून वहीच्या शेवटच्या पानावर ते वाक्य लिहिले. घरी जाताना स्कूटरवर तुम्ही मान किंचित वळवून म्हणालात, "पुस्तकातलं तू सांग, रस्त्यातलं मी सांगतो." तुमच्या परीने तुम्ही माझी समजूत काढत होतात, हे मला फार उशिरा कळले. बोर्डात पहिली आले त्या परीक्षेतली उत्तरे आज आठवत नाहीत. वहीतले ‘नवी जोडी पुढं’ मात्र विसरले नाही.

इथे माझ्याशी मराठीत बोलणारी एकच व्यक्ती आहे. त्या मुंबईहून आलेल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू कुटुंबातल्या, ऐंशी ओलांडलेल्या मावशी. एकदा आमच्या औषधांच्या खिडकीपाशी थांबून त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या, "किती गो बाई वेळ लावतात!" आणि मी आतून म्हणाले, "झालंच, मावशी." त्या दचकल्या, मग इतक्या मोठ्याने हसल्या की रांगेतली माणसे वळून पाहू लागली. त्यांच्या मुलांना मराठी येत नाही. त्यांची धाकटी बहीण इल्फर्डच्या वृद्धाश्रमात आहे, आणि शनिवारी, त्यांच्या शब्बाथच्या दिवशी, मावशी वाहनात बसत नाहीत. म्हणून दर रविवारी सकाळी मी त्यांना तिकडे घेऊन जाऊ लागले. जाताना तासभर, येताना तासभर मराठी. बाकीचा आठवडा मी त्या दोन तासांवर काढत असे.

नोव्हेंबरात थंडी वाढली, तशी मी टायरांविषयी वाचायला घेतले. इथे हिवाळी टायर लावलेच पाहिजेत असा कायदा नाही, पण थंडीत साध्या टायरचे रबर कडक होते आणि हिवाळी टायरचे मऊ राहते, असे सगळीकडे लिहिले होते. त्याच्या बाजूवर डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह असते. चार एकदम घेणे जड होते, म्हणून मी दोन घ्यायचे ठरवले. गॅरेजमध्ये टायर बसवणारी पन्नाशीची एक बाई आहे. ती म्हणाली, "चार लाव, नाहीतर एकही लावू नकोस, लव्ह. आणि दोनच लावायचे तर पुढे नको. पुढचे रस्ता धरतील आणि मागचे आपल्या वाटेने जातील." अण्णा, मी कुणाला उलट उत्तर देत नाही. दुकानदाराने चुकीची वस्तू दिली तरी घेऊन येते. पण त्या दिवशी मी म्हणाले, "माझ्या वडिलांचे टायरचे दुकान आहे. ते नवी जोडी नेहमी पुढेच लावतात." ‘आहे’ म्हणाले मी, ‘होते’ नाही. तिने खांदे उडवले, कागदावर ‘ग्राहकाच्या सांगण्यावरून’ असे लिहून माझी सही घेतली आणि टायर पुढे बसवले.

जानेवारीतल्या एका रविवारी, मोटरवेला लागण्याआधीच्या उतारावरच्या, बर्फ गोठलेल्या वळणावर, पुढच्या चाकांनी रस्ता धरला आणि मागची सुटली. गाडी भिंगरीसारखी फिरली आणि उलट दिशेला तोंड करून कुंपणाच्या झुडपांना टेकली. समोरून कुणी येत नव्हते, एवढेच आमचे नशीब. बहिणीसाठी केलेल्या, गव्हाच्या चिकाच्या हलव्याचा डबा मावशींनी दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवला होता. मग त्या म्हणाल्या, "गाडीला पुढे बूट नि मागे चपला घातल्यास होय गो?" त्या हसत होत्या, डबा मात्र सोडत नव्हत्या. संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. तो अत्यंत सभ्यपणे म्हणाला, की यापुढे आई टॅक्सीने जाईल. त्यानंतरचे दोन रविवार मी खोलीत बसून काढले.

त्या दोन रविवारांत मी तुमच्यावर रागावले होते, हे लपवत नाही. मग उन्हाळ्यातला आपला घाट आठवला. तापलेले डांबर, ट्यूबचे टायर, दुप्पट माणसे भरलेली जीप. तुमच्या रस्त्यावर टायर फुटत. इथल्या रस्त्यावर ते घसरतात. रस्त्यातले तुम्ही सांगणार होतात, पण हा रस्ता तुम्ही पाहिलाच नव्हता, आणि ज्या बाईने तो पाहिला होता तिचे मी ऐकले नाही.

काल पुन्हा तिच्याकडे गेले. तिने मागच्या बंपरवरचे ओरखडे पाहिले आणि ती म्हणाली, "इथे बर्फ चार दिवस आणि पाऊस बारा महिने. काढलेले टायर ठेवायला तुझ्याकडे जागा आहे?" मी नाही म्हणाले. "मग ऑल-सीझन घे, हिमकणाचे चिन्ह असलेले. चारही एकाच जातीचे." मी मान डोलावली.

घरी येऊन मावशींना फोन केला. "चारी सारखे?" त्यांनी विचारले. "चारी सारखे." "मग रविवारी नऊला ये. मुलाला मी बघते. अजून माझाच मुलगा आहे तो."

हे पत्र वहीतच राहील. पण गॅरेजमधले सगळे मी लिहिले नाही. शेवटचे चाक बसवून झाल्यावर त्या बाईने विचारले, "आणि तुझे वडील काय म्हणाले यावर?" मी म्हणाले, "त्यांनीच सांगितले, चारही बदल म्हणून." ती म्हणाली, "शहाणा माणूस. माझ्या बापाने मरेपर्यंत हट्ट सोडला नसता." मी तिथेच गप्प बसू शकले असते, अण्णा. पण तिने काही विचारले नसताना मी तिला सांगितले, की तुम्ही मला दर रविवारी फोन करता.