भुवया

११ फेब्रुवारी

प्रिय बडबडे,

तुला ढीगभर आशीर्वाद. फोनवरचे माझे निरोप तू उघडत नाहीस, म्हणून हे पत्र. अक्षर मुंगीएवढं झालंय, चष्मा लावून वाच. इकडे सगळे मजेत. तू शिवून दिलेल्या पडद्याचं तुझी वहिनी येईल त्याच्याजवळ कौतुक करते.

चष्म्यांचं दुकान रडतखडत चाललंय. परवा एका बाईंनी फ्रेम घालून विचारलं, "कशी दिसते?" मी म्हटलं, "झकास!" माझ्याकडे बघून त्यांनी ती मुकाट्याने काढून ठेवली. गिऱ्हाइकांना वाटतं, दुकानदाराला माज चढलाय.

माझा हात थरथरतो हे तुला माहीत आहेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याच कंपवाताने आता चेहराही धरलाय. आत काहीही होवो, वर ढिम्म. तू घरी आली होतीस त्या दिवशी तुमच्या कारखान्यातल्या मुकादमाची नक्कल केलीस ना, तेव्हा हसून हसून माझं पोट दुखत होतं. तू मात्र माझ्याकडे बघून हात मध्येच आवरलेस.

मग पिशवी उचललीस, आणि मी दोन बोटं दाराकडे चालवली. तुला ऐकू येत नाही हे कळल्यावर लहानपणी आपणच ठरवलेली खूण. भुवया उचलून बोटं चालवली तर "निघालीस?", नुसतीच चालवली तर "चल, नीघ इथून." मी भुवया उचलल्या गं. मला तरी तसंच वाटलं. तुझा चेहरा उतरला आणि तू मागे वळूनही न बघता गेलीस.

दुकानात आरशांना तोटा नाही. एकासमोर उभा राहून जीव तोडून विचारलं, "निघालीस?" आरशातला माणूस म्हणाला, "नीघ." मला त्याची भीती वाटली. फार घुसमटतो मी याच्या आत. ओठही धड हलत नाहीत, तुला वाचता येतील असे. वहिनीशी निदान आवाजाने बोलतो. तुझ्याशी सगळं बोलणं चेहऱ्याचं, आणि नेमका तोच गेला. तूही गेलीस तर मी काय करू?

नवी खूण ठरवू या. प्रश्न असला की मी बोटाने भुवई वर ढकलेन. वहिनीला करून दाखवलं, तर ती आधी हसली आणि मग रडत बसली.

कागदाला भुवया लागत नाहीत, तेवढं बरं आहे. खालचं चिन्ह मुद्दाम मोठं काढलंय, हात कापतोय तरी.

येतेस ?

चेहऱ्यावर जाऊ नकोस.

तुझा,
दादा